थेंबाचं माप

उधाणाची सुकती. लोगिवीच्या धक्क्याला टेकून
'फांशोन' उभी, चिखलात टाच रोवून,
डोलकाठीचा दोर वरच्या लोखंडी कडीत अडकवलेला,
नाहीतर बाहेरच्या अंगाला कलंडायची.
साडेपाच तास आहेत, जोब म्हणतो,
त्यातला अर्धा माझे गुडघे खातील.

इंजिनाच्या पाठीमागे, जिथे दिवा पोचत नाही
आणि माणूसही आडवा होऊनच पोचतो,
तिथे शाफ्ट होडीचं पोट भेदून पाण्यात जातो.
भोक ते भोकच.
त्यावर एक पितळी नट, त्याला अडवून धरणारा दुसरा,
आणि आत मेणचट दोरीची चार वेटोळी.
अख्खा समुद्र एवढ्यावर थोपवलेला.

जोबचा खांदा आता तिथे शिरत नाही,
म्हणून मी. पालथी, गाल डिझेलच्या नळीला लावून.
तो पायरीवरून सांगतो :
आधी मागचा सोड, मारिवॉन. तो नव्हे.
तुझ्या मावशीसारखी घाई करू नकोस.

गेल्या ऑगस्टमध्ये मी त्याला न विचारता
पाना वळवला होता. एक वेढा, वर आणखी अर्धा.
तळ कसा कोरडा ठणठणीत!
स्पंज पिळून कायमचा वाळत घातला मी.
मग ब्रेआ बेटाच्या दक्षिणेला वारा पडला,
इंजिन लावलं, आणि तासाभरात
फळ्यांखालून जळक्या चरबीचा वास.
नटाला हात लावला तर पोळला.
जोब ओरडला नाही. इंजिन बंद करून शीड चढवलं,
आणि नसलेल्या वाऱ्यावर आम्ही
रात्री साडेअकराला घरी आलो.

जुनी वेटोळी निघतात बुचाच्या वाकड्या स्क्रूनं,
काळी, तुकड्यातुकड्यांनी,
दाढेत अडकलेलं काही टोकरावं तशी.
नख शाफ्टवरून फिरवते.
अडकलं? वरून विचारतो.
अडकलं.
काही बोलत नाही. सुरी पुढे करतो.

नवी दोरी झाडूच्या दांड्याला गुंडाळायची,
दांडा शाफ्टच्याच जाडीचा, मुद्दाम जपलेला,
आणि तिरकी कापायची. पहिल्या वेटोळ्याचा सांधा वर,
दुसऱ्याचा उजवीकडे, मग खाली, मग डावीकडे.
सांध्यापुढे सांधा आला की पाण्याला जिना मिळतो.
आता पाना ठेव. नुसत्या हातानं आवळ,
कडी न घालता दार लोटतात, तेवढंच.

पाणी येतं ते आधी चिखलातल्या बारीक ओहोळांतून,
मग एकदम. 'फांशोन' कण्हते, उठते.
दोर बांधलेलेच ठेवून जोब गिअर टाकतो
आणि पुटपुटायला लागतो.

त्याची आई मारियेची प्रार्थना दहा वेळा म्हणून
अंडं उकडायची, घरात घड्याळ नव्हतं.
दोन मयतं सोडली तर
जोब कित्येक वर्षांत चर्चमध्ये गेलेला नाही,
पण शाफ्ट फिरताना हिशेब हाच :
एका प्रार्थनेला एक थेंब.
थेंब पडलाच नाही तर नट सैल कर,
चार पडले तर आवळ, नटाचा एकच पैलू, मग थांब.
इंजिन बंद केल्यावर मात्र एकही नको.

टॉर्च धरून मी बघत पडते.
पहिल्या प्रार्थनेत तीन.
एक पैलू.
दुसरीत दोन. अर्धा पैलू, बेतानं.
तिसरी मध्येच थांबते.
इंजिन चालू आहे, जोबचा आवाज नाही.
'पुढे काय असतं?' तो विचारतो, मला नव्हे.

मला ती कुणी शिकवली नाही.
नटावर तळवा ठेवते : कोमट,
ताप उतरलेल्या कपाळाइतका.
एक, मी ओरडते.
जरा वेळानं, एक.
वर ओठ हलल्याचं ऐकू येतं,
तो थेंबांवरून शब्द जुळवत असतो, चुकत, परत मागे येत.
एक, जोब.
एक.

सुकून दगड झालेला स्पंज
मी समुद्रात बुडवते, मऊ होऊ देते,
आणि नटाखाली ठेवते.